लघवी अडली तर सकाळची वाट पाहू नका

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात, मग मालिशवाला, मग कुणीतरी सांगितलेला पट्टा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत आपसूक ओसरतं. नुसतीच कंबर धरली असेल, तर लगेच मणक्याच्या डॉक्टरकडे धावायची गरज नसते. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, झेपेल तेवढं चालत-फिरत राहा. २ दिवसांहून जास्त पडून राहिलात तर अंग आणखी आखडेल.

माझी कळकळीची विनंती आहे ती पुढच्या लक्षणांसाठी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मध्यरात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठा. कण्याच्या खालच्या भागात घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तो चेपला गेला आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे सांगायला माणसं लाजतात, बायका तर फारच. म्हणून घरच्यांनीच स्पष्ट विचारावं. चालताना पाऊल उचलत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, तरीही थांबू नका.

दुसरा घात मणक्याचा क्षय करतो. पाठ रात्री झोपू देत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटतं. खोकला मात्र असेलच असं नाही. अशी पाठ कुणाकडून चोळून किंवा तुडवून घेऊ नका. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ती वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ, न चुकता घ्यावी लागतात. वेळ दवडला तर पाठीला कुबड येतं, पाय लुळे पडू शकतात. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी आणि साध्या पडण्यानंतर पाठ धरलेल्या वयस्कर बायकांनीही तज्ज्ञांकडे लवकर जावं.

तज्ज्ञ म्हणजे मणक्याचं काम करणारे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन, दोन्ही चालतील. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून हादरू नका. चाळिशीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या पाठीतही ती तशीच दिसते. ‘माझा जो पाय दुखतो, त्याचं कारण या फोटोत दिसतंय का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. वरची तातडीची लक्षणं नसताना ऑपरेशन सुचवलं, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.