मॉन्स्टेरा अल्बो घ्यायच्या आधी हा हिशेब करा

घरच्या घरी दुर्मिळ इनडोअर झाडं वाढवून विकायचा विषय चॅनेलवर घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त एकच प्रश्न येतोय. "दादा, मदर प्लांट कोणतं घेऊ?" काही जण त्यासाठी एफडी मोडायला निघालेत. एका ताईंनी तर विचारलं, बांगड्या तारण ठेवून तीन व्हेरिगेटेड झाडं घेतली तर वर्षभरात किती कटिंग निघतील?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. घेऊ नका. धंदा चांगला आहे, तो जरूर करा, पण तुमचा पहिला पैसा महागड्या मदर प्लांटमध्ये घालू नका. आणि हे कुंड्या, कोकोपीट, खतं विकणारा माणूस सांगतोय. तुम्ही जोशात येऊन सगळं सामान उचललंत तर माझ्या गल्ल्यात भरच पडणार आहे, तरीही सांगतोय.

या झाडांची किंमत कशाने ठरते, ते आधी बघू. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या 'ट्रेड मी' या लिलावाच्या साइटवर नऊ पानांचं एक व्हेरिगेटेड रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा २७,१०० न्यूझीलंड डॉलरला गेलं. नऊ पानं! लॉकडाऊनचा काळ होता, लोक घरात बसलेले, प्रत्येकाला खिडकीत झाड हवं होतं आणि माल कमी होता. त्या काळातल्या बातम्या आणि रील्स आजही फिरतायत आणि त्या बघून लोक आत्ता गुंतवणूक करतायत. पण दरम्यान काय झालं? टिश्यू कल्चर. पिंक प्रिन्सेस फिलोडेंड्रॉन, थाई कॉन्स्टेलेशन मॉन्स्टेरा ही एकेकाळी हजारोंची झाडं लॅबमधून ट्रे भरभरून यायला लागली आणि भाव कोसळले. ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातलं स्पिरिटस सँक्टी फिलोडेंड्रॉन जंगलात मोजकंच उरलंय, जगभरचे संग्राहक त्यासाठी तोंडाला येईल तो भाव द्यायचे. तेही लॅबमध्ये गेलं आणि उतरलं.

आपल्या जळगावच्या केळीवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जी-नाइनचं टिश्यू कल्चर रोप काय करू शकतं, हे त्यांनी शेतात बघितलंय. एका सारखी एक हवी तेवढी रोपं. केळीत ते वरदान आहे. पण तुमचा सगळा नफा 'हे दुसऱ्याकडे नाही' यावर उभा असेल, तर तुम्ही झोपलेले असताना कुठल्या तरी लॅबमध्ये तुमचा भाव पडत असतो.

यावर मला नेहमीचं उत्तर मिळतं, "सर, पण अल्बो लॅबमध्ये जमत नाही." बऱ्याच अंशी बरोबर आहे. अल्बोचा पांढरा रंग हा एकाच झाडात हिरव्या आणि पांढऱ्या पेशी मिसळल्यामुळे येतो, म्हणून लॅबमध्ये तो भरवशाने टिकत नाही. बहुतेक करून ते कटिंगनेच वाढवतात. पण कटिंग सगळेच करतायत ना! प्रत्येक विकलेलं झाड म्हणजे तुमचा एक नवा स्पर्धक. आणि पुढचं पान किती पांढरं येईल हे तुमच्या हातात नाही. पूर्ण पांढरं पान आलं तर ग्राहक खूश होतो, पण त्या पानात हरितद्रव्य नसतं, ते स्वतःचं अन्न बनवत नाही आणि लवकर करपतं. पूर्ण हिरव्यावर गेलं तर ते साधा मॉन्स्टेरा म्हणून विका. (अल्बोच्या बिया विकणारा कुणी भेटला तर हात जोडा आणि पुढे चला.) पिंक काँगो आठवतंय का? गुलाबी पानांचं म्हणून चढ्या भावाने विकलं गेलं, काही महिन्यांनी नवी पानं हिरवी यायला लागली. तो रंग झाडाचा नव्हताच, औषधाच्या प्रक्रियेने आणलेला होता.

आणि 'मदर प्लांट आमच्याकडून घ्या, रोपं आम्हीच परत विकत घेऊ' असं कुणी म्हणालं, तर इमू आणि कडकनाथ आठवा. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. परत घेण्याच्या वचनावर चालणाऱ्या योजनेत विकणाऱ्याचा नफा पहिल्या दिवशीच झालेला असतो. तुमचा व्हायचा बाकी असतो.

आता तो हिशेब. आकडे समजायला सोपे घेतलेत, तुमच्या गावचे भाव टाकून परत करा. समजा तुम्ही मध्यम किमतीची १०० छोटी टिश्यू कल्चर रोपं घेतली. रोप १२० रुपये, कुंडी आणि माध्यम ४० रुपये, पाच महिन्यांची वीज, पाणी, औषध, जागा मिळून ६० रुपये. झाले २२,००० रुपये. विकताना पॅकिंगचे ५० रुपये वेगळे, कुरिअर ग्राहकाचं. विक्री ४५० रुपये.

शंभरातली ७५ जगली आणि विकली गेली, तर हातात येतात ३३,७५०. त्यातून २२,००० आणि पॅकिंगचे ३,७५० वजा करा. उरले ८,०००. पाच महिन्यांचे, आणि यात तुमची मजुरी धरलेली नाही. महिन्याला १,६०० रुपये. दचकलात ना? आता तीच रोपं ९० जगवून बघा. ४०,५०० मधून २२,००० आणि ४,५०० गेले, उरले १४,०००. ना भाव वाढवला, ना जाहिरात केली, फक्त १५ झाडं मेली नाहीत.

आणि त्या पाच महिन्यांत बाजारभाव ४५० वरून ३५० वर आला तर? ९० जगवणाऱ्याकडे ५,००० उरतात. ७५ जगवणाऱ्याकडे ५०० रुपये. पाचशे! हे वाचून थोडं थांबा आणि स्वतःलाच विचारा, तुम्ही आज कोणत्या गटात आहात. बांगड्या तारण ठेवून आणलेल्या तीन झाडांत एकाला मूळकूज लागली, तर तो एका फटक्यात ३३ टक्के तोटा आहे. शंभर रोपांत एक गेलं तर एक टक्का. आणि व्याज तर झाड जगो वा मरो, चालूच.

म्हणून माझं म्हणणं असं की या धंद्यात विकण्यासारखी वस्तू दुर्मिळता नाहीच. लॅबमधून आलेलं नाजूक रोप ग्राहकाच्या हॉलमध्ये टिकेल इतकं कणखर करून देणं, याचे पैसे मिळतात. लॅबच्या बाटलीत जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता असते, त्यामुळे पानावरचा मेणासारखा थर नीट तयार झालेला नसतो. बाहेर काढलं की पान पाणी सोडत राहतं आणि रोप मान टाकतं. मुळं पाण्याखाली हळुवार धुऊन सगळी जेली काढायची, बुरशीनाशकात बुडवायचं, झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि मग तीन-चार आठवड्यांत झाकण थोडं थोडं उघडत जायचं. हेच हार्डनिंग. कंटाळवाणं काम आहे, त्याची रील होत नाही. आणि म्हणूनच त्यात स्पर्धा कमी आहे. कामावर जाऊन येऊन, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास देऊन घरातली कुणीही व्यक्ती हे शिकू शकते.

जागेचं म्हणाल तर, मित्रांनो, परदेशी व्हिडिओ बघून टेरेसवर प्लास्टिकचं ग्रीनहाउस उभारू नका. तिकडे ते थंडीपासून वाचवायला असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्याची भट्टी होते. कोकण आणि गोव्यातल्या लोकांना निसर्गाने आधीच ग्रीनहाउस दिलंय, ७५ टक्क्यांचं शेडनेट आणि पावसाळ्यात वरून पाणी अडवायला छप्पर एवढ्यावर फिलोडेंड्रॉन, अँथुरियम मजेत वाढतात. तिथे लढाई बुरशीशी आहे, त्यामुळे पंखा आणि मोकळं माध्यम लागेल. नागपूर, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओले पॅड आणि पंखा लावून चांगला गारवा मिळतो, मात्र पाणी भरपूर जातं. हाच सेटअप मुंबईत लावलात तर पैसे वाया, कारण हवेतच एवढी वाफ आहे की पाणी उडत नाही आणि उडलं नाही तर थंड होत नाही. पुण्यात उन्हाळ्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जास्त त्रास देतात. तापमान १५ अंशांखाली गेलं की ही झाडं वाढायची थांबतात, आणि न वाढणाऱ्या झाडाला रोजच्या सवयीने पाणी घातलं की मुळं कुजतात. माझ्या मते पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये एक रिकामी खोली, लोखंडी रॅक आणि एलईडी ट्यूब हेच सगळ्यात शहाणपणाचं ग्रीनहाउस आहे. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस मोजा आणि स्वस्त कोकोपीट आणलंत तर आधी दोन-तीनदा धुऊन त्यातलं मीठ काढा. नवीन आलेलं प्रत्येक झाड तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण पाहुण्यासारखे येतात आणि घरमालक होतात.

माल कुठून आणायचा यावर दोन शब्द, आणि इथे मी थोडा कडक आहे. बँकॉकहून बॅगेत झाडं लपवून आणणाऱ्यांचं कौतुक करू नका. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे परदेशी झाडाला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. ऑर्किड असेल तर साइट्सचे नियमही आले. पेपरवर्क नसलेला माल स्वस्त दिसतो, पण त्यासोबत येणारी कीड तुमच्याच नाही, शेजारच्या शेतकऱ्याच्याही घरात जाते. आणि आंबोलीच्या जंगलातून ऑर्किड खरवडून आणून 'रेअर' म्हणून विकणाऱ्याला मी माझ्या कोर्समध्ये घेत नाही. बस.

विक्री सुरुवातीला गावातच करा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं, तिथे जाऊन लोक कशासमोर थांबतात आणि भाव ऐकून कशापासून हलतात ते बघा. कुरिअर सोमवार ते बुधवारच पाठवा, नाहीतर रविवारी पार्सल गोडाऊनमध्ये शिजतं. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे, कुंडी वेगळी विकली तर तिच्यावर आहे. स्वतः वाढवलेल्या रोपांची आणि आणून जशीच्या तशी विकलेल्या रोपांची वही वेगळी ठेवा, कारण आयकरात दोन्हीकडे एकाच नजरेने बघत नाहीत. पुढचं सीएला विचारा.

त्या ताईंना मी सांगितलं, बांगड्या हातातच राहू द्या. महिन्याच्या खर्चातून बाजूला निघतील तेवढ्याच पैशांत २० रोपं घ्या, दोन जातींची, त्यापेक्षा जास्त नको. वहीत रोज लिहा, कोणतं मेलं आणि कधी. पहिल्या २० पैकी १८ जगली की पुढची ५० आणा. त्यांची पहिली ट्रे आली आहे. पुढच्या आठवड्याच्या व्हिडिओत त्यांच्याच वहीची पानं दाखवणार आहे, परवानगी घेतली आहे.