पिल्लू स्वतःचीच शी खातंय? आधी घरातला आरडाओरडा थांबवा

राजारामपुरीतला फ्लॅट असो की शिरोळकडचं मळ्यातलं घर, नव्या पिल्लाचा पहिला आठवडा कौतुकात जातो. मग एक दिवस ते गॅलरीत शी करतं, मागं वळतं आणि तीच खाऊन टाकतं. घरात एकच गलका होतो. कुणी चप्पल उचलतं, कुणी पिल्लाचं नाक फरशीवर घासतं. खोड मोडायचा हा जुना उपाय. बऱ्याचदा खोड पक्की होते ती यामुळंच.

शी खाल्ली म्हणून मार बसला, हे पिल्लाला कळत नाही. शी दिसली की माणूस चिडतो, एवढंच कळतं. मग ते पलंगाखाली जाऊन शी करतं आणि कुणी यायच्या आत संपवून टाकतं. अंगावर धावून गेलं, तर आणखी घाईनं गिळतं.

नेमकं कारण काय?

पिल्लं जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्यांची आईच शी चाटून जागा स्वच्छ ठेवते. त्यामुळं कुत्र्याच्या लेखी यात किळस वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३ हजार कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, तेव्हा १६ टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाणारी निघाली. अन्नावर तुटून पडणाऱ्या हावरट कुत्र्यांत हे प्रमाण जास्त होतं. खाल्लेली विष्ठा बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, म्हणजे ताजी होती. विष्ठेतली जंतांची अंडी रोगकारक होण्याआधीच जागा साफ करायची, ही लांडग्यांपासून आलेली सवय असावी, असा या संशोधकांचा तर्क आहे.

याच अभ्यासात बाजारातल्या ११ उत्पादनांबद्दलही विचारलं होतं. विष्ठेची चव बिघडवणाऱ्या पावडरी, गोळ्या वगैरे. त्यांचं यश शून्य ते दोन टक्के! तरी ऑनलाइन खरेदी जोरात चालते. कारण उघड आहे, डबा मागवणं सोपं आणि पिल्लामागं फिरणं कष्टाचं.

आपल्याकडचा घरगुती उपाय तर याहून वाईट. विष्ठेवर चटणी टाकायची! कोल्हापुरी चटणीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक ठरतो. उरलेल्या तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून पिल्लापुढं ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

मग करायचं काय?

शी पडताच उचलायची. खरा उपाय हाच आणि कंटाळवाणाही हाच. पिल्लू झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर शी करतं. खाणं ठरल्या वेळी दिलं की शीची वेळही ठरते. त्या वेळी पट्टा लावून बाहेर न्यायचं. शी झाली रे झाली की शांतपणे नावानं हाक मारायची, आपल्याकडं वळलं की खाऊ द्यायचा आणि तेवढ्यात मागची शी उचलायची. काही दिवसांत पिल्लू शी झाल्यावर आपणहून माणसाकडं बघायला लागतं. दिवसभर गॅलरीत कोंडलेल्या पिल्लाला मात्र हे कोण शिकवणार? घरातले सगळे आठ तास बाहेर असतील, तर पिल्लू आणायच्या आधीच याचा विचार व्हायला हवा होता.

ताजी, स्वतःची शी खाल्ल्यानं निरोगी पिल्लाला सहसा मोठा अपाय होत नाही. धोका आहे तो रस्त्यावरच्या इतर कुत्र्यांच्या विष्ठेतून. त्यातून जंत आणि लसीकरण अपुरं असेल तर पार्व्होसारखा जीवघेणा आजार येऊ शकतो. कुत्र्याच्या पोटातले गोलकृमी माणसालाही बाधतात. अंगणातल्या मातीत खेळणाऱ्या लहान मुलांना जास्त. म्हणून जंतांचं औषध चुकवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत साधारण दर महिन्याला, पण मात्रा वजनावर ठरत असल्यानं डॉक्टरांना विचारूनच.

पिल्लू भरपूर खाऊनही वाळत असेल, शी सतत पातळ होत असेल किंवा मोठ्या कुत्र्याला अचानक ही सवय लागली असेल, तर अन्न पचत नसल्याची शक्यता असते. अशा वेळी वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. जाताना झाकणाच्या स्वच्छ डबीत ताज्या शीचा नमुना न्यावा. तो मिळायला हवा म्हणून तरी त्या दिवशी पिल्लाच्या आधी पोचावं लागेल.