आठवणींचा बाजारभाव

‘बुलिट’ या 1968 च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालविलेली मस्टँग मोटार 1974 मध्ये एका गृहस्थाने 6 हजार डॉलरना घेतली. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलर आले. जुनी ‘मसल कार’ म्हणजे म्हातारपणची ठेव, असे मानणाऱ्यांना हे आकडे भुरळ घालतात. 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचे जोरकस इंजिन बसवून ती तरुणांना परवडेल अशा दरात विकण्याची चढाओढ अमेरिकेत लागली. विम्याचे चढते हप्ते, धूरनियंत्रणाचे कायदे आणि 1973 चे तेलसंकट यांनी ती दहा वर्षांत संपविली. पुरवठा त्यामुळे कायमचा गोठला, हे खरे; परंतु दुर्मीळता हा किमतीचा अर्धाच हिशेब होय. (गिऱ्हाईक नसलेल्या दुर्मीळ वस्तूला घरोघरी अडगळ म्हणतात.) मागणी होती ती तारुण्यात या गाड्यांकडे नुसते पाहत राहिलेल्या आणि पुढे हाती पैसा आलेल्या पिढीची. त्या पिढीने आता सत्तरी ओलांडली आहे. उद्या ती, अथवा तिचे वारस, विक्रेते म्हणून बाजारात उभे राहतील. नातवंडांच्या आठवणी निराळ्या आहेत. ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ या 2001 च्या चित्रपटातील टोयोटा सुप्राला 2021 मध्ये साडेपाच लाख डॉलर मिळाले, ते उगाच नव्हे. चित्रपटाचे वलय लाभलेली एखादी मस्टँग भाव टिकवील. तिच्या हजारो अनामिक भगिनींसाठी गिऱ्हाईक कोठून येणार, हे मात्र कोणी सांगत नाही. जागेचे भाडे, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च तोवर दर वर्षी चालूच राहतो.