मामाचा टँक आणि लाल फुली

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी हसूच आलं. कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास, बाकी सगळा आनंद! तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या माथी, मतं मात्र माझी.

विषय आहे घरामागचा स्विमिंग टँक. (आंघोळीच्या बादलीसाठी रांगेत उभं राहणाऱ्यांनी कृपया हसू नये.) मामाने नाशिकला बंगला बांधला. मागे मोठं परस आहे, आणि 'भाची सिव्हिलला आहे' एवढ्या क्वालिफिकेशनवर डिझाइनचं काम मला मिळालं. फी : आमरस. "घराशी, बागेशी मॅच झाला पाहिजे" एवढीच त्याची अट.

मी काय केलं? एका पुस्तकातला किडनीच्या आकाराचा टँक उचलला आणि ऑटोकॅडमध्ये परसाच्या मधोमध ठेवून दिला. आंब्याचं झाड आडवं येत होतं, त्यावर लाल फुली मारली. पानं पाण्यात पडतात, मुळं भिंतीला तडे देतात... कारणं तयारच होती. मोठ्या ऐटीत प्रिंट घेऊन गेले. मामीने चष्मा लावून बघितलं.

"हे लाल खोडलंय ते आपलं आंब्याचं झाड का गं?"

"हो."

ती काहीच बोलली नाही. उठून कुकर लावायला गेली. व्हायव्हात एक्स्टर्नल नुसतेच 'हं' म्हणतात ना, तसं पोटात झालं.

हॉस्टेलवर परतल्यावर त्या पुस्तकातला मजकूर पहिल्यांदा वाचला. (आधी फक्त फोटो पाहिले होते, खोटं कशाला सांगू!) तो टँक कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथल्या डोनेल गार्डनमधला. थॉमस चर्च या लँडस्केप आर्किटेक्टने १९४८ साली केलेला. त्याचं वळण उगाच आलेलं नाही. बागेतून खाली दूरवर खाडीकाठची दलदल दिसते, तिच्यातले पाण्याचे प्रवाह असेच वळत जातात. म्हणून तिथे तो आकार शोभतो. आणि गंमत म्हणजे तिथे आधीपासून ओकची झाडं होती. चर्चने ती तोडली नाहीत. लाकडी डेकलाच भोकं ठेवली आणि झाडं त्यातून वर येऊ दिली!

म्हणजे मी आकाराची कॉपी मारली, ती पण अर्धीच. मूळ उत्तरात झाड होतं, ते मी खोडलं.

माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडे 'मॅच' म्हणजे टाईल्सचा रंग असा समज आहे. टँक जमिनीशी जुळायला हवा. उतार कुठे, ऊन कुठून, वारा कुठला, ओसरीवर बसल्यावर काय दिसतं, हे आधी बघायचं आणि आकार शेवटी काढायचा. माणूस टँकमध्ये पोहतो दिवसाला फार तर एक तास. बाकीचे तेवीस तास तो नुसता दिसत असतो.

पाण्याचं गणितही मी उशिराच केलं. ३२ चौरस मीटर गुणिले सरासरी दीड मीटर खोली म्हणजे ४८ घनमीटर, म्हणजेच ४८,००० लिटर. आपल्याला शिकवतात त्या माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने हे सुमारे ३५५ जणांचं एका दिवसाचं पाणी. मामाच्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतो. शेजारी कळशा घेऊन उभे आणि भिंतीपलीकडे मामा पोहतोय, हे कुठल्या बागेशी मॅच होणार?

मग नवं ड्रॉइंग केलं. ६ बाय ३ मीटर, खोली १.२, म्हणजे २१,६०० लिटर. साधा आयत, कारण मामाचं घरच सरळ रेषांचं आहे. तो ओसरीला समांतर, झाडापासून लांब. काठाला ओसरीचीच शहाबादी फरशी, म्हणजे घर कुठे संपलं आणि बाग कुठे सुरू झाली हे चटकन कळू नये. आतून आकाशी टाईल्स नाहीत, गडद राखाडी. अशा पाण्यात आंबा आणि आभाळ दोन्ही दिसतात. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पानं गोळा करणारा स्किमर पूर्वेच्या टोकाला. छप्पर १५० चौरस मीटर आहे. ७०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के तूट धरली तरी ८४,००० लिटर मिळतात. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं तरी टँक भरून पुष्कळ उरतं. उन्हाळ्यात रोज दहा मिलिमीटर उडून गेलं तर १८० लिटर जातील, म्हणून वर झाकण.

मामीने हेही ड्रॉइंग चष्मा लावून पाहिलं. आंब्याभोवती मी हिरवा गोल काढला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे एक बाक पण काढ."

खोदाई दिवाळीनंतर. मामाचं अजून एकाच गोष्टीवर अडलंय. त्याला डायव्हिंग बोर्ड हवाय. १.२ मीटर पाण्यात!