नवी साधने आणि भाषेचा वर्ग

मी चौथीत असताना आमच्या शाळेत बॉलपेनला बंदी होती. बॉलपेनने अक्षर बिघडते, असे आमच्या गुरुजींचे ठाम मत होते. दौत आणि टाक घेऊन आम्ही वर्गात बसत असू. बोटे निळी होत, सदऱ्यावर डाग पडत आणि घरी बोलणी खावी लागत. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, तेव्हा माझे सारे विद्यार्थी बॉलपेननेच लिहीत होते. त्यांच्यापैकी काहींचे अक्षर मोत्यासारखे होते, तर काहींचे कोंबडीच्या पायांसारखे. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की अक्षर साधनामुळे सुधारत नाही आणि बिघडतही नाही; ते सुधारते वा बिघडते, ते साधन हाती धरणाऱ्याच्या सवयीमुळे.

हे कळूनही पुढे मी तीच चूक केली. मुख्याध्यापक झाल्यावर 'शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई आहे' असा फलक मी लावला आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तो काढला नाही. आज विचार केला, तर त्या फलकातील अर्धी गोष्ट मला योग्य वाटते आणि अर्धी अयोग्य. कोणती अर्धी कोणत्या बाजूची, हे तुमच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आधी या साधनांच्या बाजूचे बोलू. मी खेड्यात शिक्षक होतो तेव्हा एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ पाहायचा, म्हणजे तालुक्याच्या गावी जावे लागे. दाते आणि कर्वे यांनी संपादित केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. एवढा ग्रंथसंभार विकत घेण्याची ऐपत आमच्या शाळेला कधीच आली नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिचे मी केवळ नाव ऐकले होते. आज हे दोन्ही कोश आंतरजालावर विनामूल्य उघडून पाहता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तो विश्वकोशही आता कोणालाही पैसा न देता वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो तर केवळ वाचण्यासाठी नसून लिहिण्यासाठीही आहे. तुमच्या गावच्या नदीविषयी, किल्ल्याविषयी वा यात्रेविषयी तुम्हांला निश्चित माहिती असेल, तर तेथे तुम्ही भर घालू शकता. 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मुलांसाठी मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. जात्यावर दळताना बायकांनी गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून जमवल्या. त्यांतील अनेक ओव्या आज आंतरजालावर वाचता येतात आणि काही तर गाणारणीच्या आवाजात ऐकताही येतात. ज्या मुलाने जाते कधी पाहिलेच नाही, त्याला ओवी कशी समजावून सांगावी, हा प्रश्न मला पूर्वी नेहमी पडे. त्या गाणारणीचा आवाज एकदा ऐकवला, की निम्मे काम होते.

ही साधने शिक्षकाच्या हाती आली म्हणजे काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. तेथील मुलांची मातृभाषा कन्नड होती आणि पुस्तक निराळ्या भाषेत. डिसले यांनी ती पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि पुस्तकांत क्यूआर चिन्हे घालून त्यांतून ध्वनी, चित्रफिती व गोष्टी मुलांपर्यंत पोहोचवल्या. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या उदाहरणात मला यंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलाला समजत नाही, हे आधी शिक्षकाने ओळखले. साधन त्यानंतर आले.

आता दुसरी बाजू. ही साधने भाषा जाणत नाहीत. ती भाषेचा केवळ अंदाज करतात. तुम्ही स्वतः प्रयोग करून पाहा. 'चहा' शब्दातला च आणि 'चाक' शब्दातला च एकाच अक्षराने लिहितात, पण त्यांचा उच्चार एक नाही. 'हे जग सुंदर आहे' आणि 'तू सुखाने जग' या दोन वाक्यांत 'जग' शब्द दोनदा आला. दोन्ही ठिकाणी ज निराळा आहे. 'जरा थांब' मधला 'जरा' म्हणजे थोडेसे, आणि संस्कृतातून आलेला 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या एका साधनाला मी 'जरा पाणी दे' हे वाक्य दिले. त्याने ते असे वाचले, की जणू माझे म्हातारपणच पाणी मागत होते! घरातील आईआजीच्या तोंडून ऐकून जे भेद तुम्ही नकळत शिकलात, ते भेद लिपीत दिसत नाहीत, म्हणून यंत्र तेथे अडखळते.

शुद्धलेखनाचेही तसेच आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. यांपैकी एकाच्या जागी दुसरा लिहिला, तरी शुद्धलेखन तपासणारे साधन बहुधा गप्प राहते. कारण त्याच्या यादीत दोन्ही शब्द शुद्धच आहेत. एका विद्यार्थ्याने मला पाठवलेल्या निरोपात 'समारंभास आचाऱ्यांना व्यासपीठावर बसवले' असे लिहिले होते. त्याला म्हणायचे होते 'आचार्यांना'. बिचाऱ्या आचाऱ्याला स्वयंपाकघर सोडून व्यासपीठावर यावे लागले! 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतही एवढाच भेद आहे. एकात समुद्र आहे आणि दुसऱ्यात डोंगरांमधली खोल जागा. हा भेद डोळ्याला दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी कधीतरी हाताने गिरवावा लागतो.

टंकलेखनाविषयीही एक गोष्ट सांगतो. पूर्वी मराठी मजकुराचे मोठे हाल होत. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, की अगम्य खुणा दिसत. कारण प्रत्येक टंकाची सांकेतिक व्यवस्था निराळी. १९९१ साली युनिकोड ही जागतिक व्यवस्था आली, तिच्यात देवनागरीला प्रथमपासून स्थान मिळाले, आणि तिचा वापर वाढत गेला तशी ही अडचण दूर होत गेली. तरीही आज पुष्कळ मुले इंग्रजी अक्षरे दाबून मराठी शब्द उमटवतात. त्या पद्धतीत न आणि ण यांच्यासाठी, तसेच ल आणि ळ यांच्यासाठी, बहुधा एकच इंग्रजी अक्षर पुढे येते, आणि मग यंत्र जे सुचवील ते मुले मुकाट्याने स्वीकारतात. याउलट 'इनस्क्रिप्ट' हा कळपाट विनामूल्य असून आपल्या वर्णमालेला धरून आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे मांडलेली आहेत. तो शिकायला चार दिवस अधिक लागतील. पण तो शिकताना वर्णमालेचीही उजळणी होईल.

परंतु उच्चार आणि शुद्धलेखन यांहून मोठी एक हानी आहे. ती मला एका मुलीने दाखवली.

निवृत्तीनंतर मी जवळच्या एका गावच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस मराठी शिकवण्यासाठी जातो. एकदा मी 'माझी आजी' या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वह्या तपासू लागलो, तो सहा वह्यांत एकच आजी! ती पहाटे उठून देवपूजा करी, जपमाळ ओढी आणि रात्री नातवंडांना राजाराणीच्या गोष्टी सांगे. भाषा निर्दोष होती, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. त्या सहांपैकी एका मुलीला मी विचारले, "बाळ, तुझी आजी जपमाळ ओढते का?"

"नाही, गुरुजी. ती कांदे लावायला जाते."

"मग तू हे का लिहिलेस?"

ती खाली पाहत म्हणाली, "मोबाइलला विचारलं तर असंच आलं. आणि ते छान होतं."

'ते छान होतं' हे तिचे शब्द मला फार लागले. कारण त्यांचा अर्थ उघड होता. उन्हातान्हात वाकून कांदे लावणारी आपली आजी निबंधात लिहिण्याजोगी नाही, असे त्या मुलीला वाटले होते. यंत्राने तिचे कष्ट वाचवले असे आपण म्हणू. पण त्याबरोबर तिची आजीही तिच्या वहीतून नाहीशी झाली होती. आणि खरे सांगायचे, तर हा दोष केवळ यंत्राचा नव्हता. वर्षानुवर्षे आम्ही शिक्षकांनीच फळ्यावर ठरावीक मुद्दे लिहून दिले आणि तसल्याच आजीला भरपूर गुण दिले. यंत्राने आमचाच कित्ता गिरवला होता.

मी त्या मुलांना रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगितले, "आता त्याच मोबाइलवर आपल्या आजीचा नाहीतर आजोबांचा आवाज दहा मिनिटे मुद्रित करून आणा. त्यांच्या तरुणपणातला एक दिवस त्यांना विचारा. मग ते ऐका आणि स्वतः लिहा." ज्यांच्या घरी तसा मोबाइल नव्हता, त्यांना मी माझा दिला. कांदे लावणाऱ्या त्या आजीने एका वर्षाची हकिकत सांगितली होती. आजोबा आजारी पडले, पेरणी तोंडावर आली, तेव्हा गावकरी आपापले बैल आणि नांगर घेऊन इर्जिकीला आले. एका दिवसात सारे रान नांगरून झाले, आणि आजीने त्या दिवशी चुलीवर चाळीस माणसांचा स्वयंपाक केला. मुलीने हे सारे मोबाइलवर लिहिले. 'इर्जिक' शब्दाखाली मात्र तांबडी रेघ उमटली. तिला वाटले, आजीचा शब्द चुकला. आम्ही त्याच मोबाइलवर जुना शब्दकोश उघडला. किंचित निराळ्या रूपात तो शब्द तेथे होता. आजी बरोबर होती आणि तांबडी रेघ चूक होती. तो निबंध त्या मुलीने वर्गात मोठ्याने वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. आम्ही दोघांनी बसून त्या दुरुस्त केल्या आणि त्यासाठी साधनाची मदतही घेतली.

एकच मोबाइल, पहिल्या दिवशी त्याने आजीला पुसून टाकले, पुढे त्यानेच तिचा आवाज जपला आणि तिचा शब्द खरा ठरवला. फरक पडला तो आम्ही त्याला सांगितलेल्या कामात. जे काम केल्याने आपल्याला भाषा येते, ते काम यंत्राला देऊ नये. ऐकणे, आठवणे, शब्द शोधणे, वाक्य जुळवणे, खोडणे आणि पुन्हा लिहिणे, ही ती कामे होत. कोश उघडून देणे, आवाज साठवणे, दूरचे पुस्तक जवळ आणणे, झालेली चूक दाखवणे, ही कामे त्याने खुशाल करावी.

शेवटी 'विनामूल्य' या शब्दाविषयी थोडेसे. 'फुकट ते पौष्टिक' असे लोक थट्टेने म्हणतात. पण फुकट मिळणारे सारेच फुकट नसते. काही साधने पैसे न घेता तुमचे नाव, तुमचा आवाज आणि तुमच्या आवडीनिवडी घेतात, किंवा जाहिराती तुमच्या डोळ्यांपुढे नाचवतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारताच्या संसदेने २०२३ साली कायदा केला असून, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणून नवे साधन उघडण्यापूर्वी आईवडिलांना विचारणे, हा केवळ शिष्टाचार नसून शहाणपण आहे. शिवाय साधन विनामूल्य असले, तरी मोबाइल विनामूल्य नसतो. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा घरातला एकच मोबाइल घेऊन वडील कामावर जात आणि मुलगा अभ्यासावाचून राही, असे मी कितीतरी घरांत पाहिले. तेव्हा एकाही मुलाला ज्यामुळे मागे राहावे लागेल, असा गृहपाठ देऊ नये, ही शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात आठ मुलांमागे एक साधन असले, तरी पुरते. उलट त्यामुळे मुले एकमेकांशी बोलतात, आणि भाषेच्या वर्गात बोलणे हेच तर हवे असते!

आज मला तो फलक पुन्हा लिहायला सांगितला, तर मी लिहीन, 'मोबाइल शिक्षकांना विचारून आणावा. त्यावर शोधावे, ऐकावे, तपासावे. लिहावे मात्र स्वतः.' अक्षरे थोडी अधिक होतील आणि फलक थोडा मोठा करावा लागेल; पण त्याला माझी हरकत नाही.