कानामागची पट्टी : गाडी लागण्यावरचा उपाय आणि त्याचा विवेक

सुट्ट्या लागल्या, की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील अनेक कुटुंबे यात्रेचा बेत आखतात. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन जिल्ह्यातच घडते, वाशीम जिल्ह्यातील शिरपूरही फार दूर नाही. परंतु दक्षिण यात्रेचा प्रवास दीर्घ असतो. श्रवणबेळगोळचे दर्शन आटोपून बस धर्मस्थळ व मूडबिद्रीच्या दिशेने सह्याद्रीचा घाट उतरू लागली, की कुणाचे डोके गरगरते, कुणाला ओकारी येते. यालाच आपण ‘गाडी लागणे’ म्हणतो.

याचे कारण पोटात नसून कानात आहे. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याचे मेंदूला सांगते. त्याच वेळी समोरच्या आसनावर वा भ्रमणध्वनीवर खिळलेले डोळे सर्व काही स्थिर असल्याचे सांगतात. या परस्परविरोधी वार्तांतून मळमळ उद्भवते.

यावर स्कोपोलामिन या औषधाची चिकटपट्टी मिळते. अमेरिकेत तिला १९७९ साली मान्यता मिळाली. परदेशी राहणारी मुले-मुली आईवडिलांसाठी ती आणतात. रुपयाच्या नाण्याहून लहान अशी ही पट्टी कानामागे लावली, की औषध त्वचेतून हळूहळू रक्तात उतरते व तीन दिवस कार्य करते. कानाशी तिचा थेट संबंध नाही. तेथील त्वचेतून औषध सहज शिरते, एवढेच.

सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग करणाऱ्यांना ही पट्टी विशेष सोयीची वाटते, कारण गोळी नको नि पाण्याचा घोटही नको. व्रताच्या दृष्टीने काय चालते, ते ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. शरीराच्या दृष्टीने मात्र मुखावाटे घेतलेले औषध आणि त्वचेवाटे घेतलेले औषध यांत भेद नाही. गोळीचा अंमल काही तासांत ओसरतो. पट्टी तीन दिवस अहोरात्र औषध देत राहते. ती दिसते साधी, म्हणूनच अधिक जपावे लागते.

आपल्या बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्यात हेच द्रव्य असते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या सामर्थ्याची कल्पना येते. धोतऱ्याचे पान वा बी यासाठी घरी कधीही वापरू नये. त्यातील विषाचे प्रमाण मोजता येत नाही.

सर्वांत मोठी सावधगिरी आपल्या उन्हाळ्याशी निगडित आहे. हे औषध घाम कमी करते, आणि घाम थांबला की शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पट्टीमुळे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढू शकते, असा इशारा दिला. असे बहुतेक रुग्ण १७ वर्षांपर्यंतची मुले आणि ६० वर्षे व त्यावरील व्यक्ती होत्या. मराठवाड्याचे वैशाखातील ऊन आणि त्यात निर्जल उपवास, अशा स्थितीत ही पट्टी लावू नये. लावली असताना अंग तापले, घाम येईनासा झाला वा बोलण्यात असंबद्धता आली, तर पट्टी तत्काळ काढावी, रुग्णाला सावलीत व गारव्यात न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

मुलांना ही पट्टी लावू नये. काचबिंदू असणाऱ्यांनी, तसेच प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीस अडथळा होणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना ती लावू नये. गर्भवती व स्तनदा मातांनाही हाच नियम. वृद्धांना तिने भ्रम होऊ शकतो, आणि घरचे ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष करतात. तोंड कोरडे पडणे, पेंग येणे व अंधुक दिसणे हे नेहमीचे परिणाम आहेत. म्हणून पट्टी लावून वाहन चालवू नये. प्रवासाची वा झोपेची दुसरी गोळीही सोबत घेऊ नये.

लावण्याची रीत अशी. प्रवासाच्या किमान चार तास आधी, कानामागील कोरड्या, केसविरहित व जखम नसलेल्या त्वचेवर एकच पट्टी लावावी. बस रात्री नऊला सुटणार असेल, तर सायंकाळी पाचच्या आत. पट्टी कापून अर्धी करू नये. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बोटाला लागलेले औषध डोळ्यात गेले, तर त्या डोळ्याची बाहुली विस्फारते व अंधुक दिसते. एकच बाहुली मोठी झालेली पाहून डॉक्टरांना मेंदूच्या विकाराची शंका येऊ शकते. म्हणून पट्टी लावल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. डोळा दुखून लाल झाला, तर पट्टी काढून त्वरित उपचार घ्यावेत. एमआरआय तपासणीपूर्वीही ती काढावी.

प्रवास संपताच, किंवा तीन दिवस पूर्ण होताच, पट्टी काढून ती जागा व हात धुवावेत. वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते. चिकट बाजू आत घेऊन ती दुमडावी व मुले आणि मुकी जनावरे यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाकावी. धर्मशाळेच्या अंगणात फेकलेली पट्टी एखाद्या अजाण जिवाला घातक ठरू शकते. अनेक दिवसांच्या वापरानंतर ती काढल्यावर चक्कर वा मळमळ जाणवू शकते, हेही माहीत असावे.

बहुतेकांना मात्र पट्टीची गरज पडत नाही. बसमध्ये पुढचे आसन, दूर क्षितिजावर दृष्टी, निघण्यापूर्वी हलका आहार आणि घाटात वाचन वा भ्रमणध्वनी वर्ज्य, एवढ्यानेच पुष्कळांचा प्रवास सुखाचा होतो. आले न खाणाऱ्या घरांतही सुंठ चालते. तिनेही काहींना आराम पडतो. यात्रासंघाच्या संयोजकांनी निघण्यापूर्वीच कुणाला गाडी लागते याची यादी करून त्यांना पुढची आसने द्यावीत, आणि कुणी पट्टी लावली आहे तेही टिपून ठेवावे. वेळ आली, तर ही एक नोंद डॉक्टरांचे काम सोपे करील.