अलिखित अटींच्या देणग्या

नगरपालिकेला कोणी देणगी देऊ केली की तिचा स्वीकार शाल, श्रीफळ आणि भाषणे यांच्या गजरात होतो. परंतु दात्याचा एखादा अर्ज त्याच कचेरीच्या दप्तरात निर्णयाची वाट पाहत पडला आहे काय, याची चौकशी करणे मात्र अशिष्टपणाचे मानले जाते.

देणगीला अट असणे हा दोष नव्हे. मुंबई महापालिकेच्या परळ येथील वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी जे द्रव्य दिले, ते तेथील नेमणुका केवळ पात्र हिंदी व्यक्तींच्याच व्हाव्यात या अटीवर. परकीय अमलात ही अट धाडसाचीच होती, आणि १९२६ साली के. ई. एम. रुग्णालयासह उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचे स्वत्व तिनेच घडविले. ती अट उघड होती, तिच्यावर वाद घालता येत होता.

भय आहे ते अलिखित अटीचे. ज्या बिल्डरचा नकाशा मंजुरीसाठी अडला आहे, त्याने रुग्णवाहिका अर्पण करावी आणि नकाशा यथावकाश मोकळा व्हावा, यात लाच कोठे सिद्ध करणार? शिवाय चालकाचा पगार, इंधन व दुरुस्ती करदात्यांच्याच माथी!

म्हणून प्रत्येक देणगी, तिच्या आवर्ती खर्चाच्या अंदाजासह, सर्वसाधारण सभेपुढे यावी. दात्याची प्रलंबित प्रकरणे जाहीर व्हावीत, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत मुख्याधिकाऱ्यांनी देणगी खुशाल परत पाठवावी. खरा दाता तेवढे दिवस थांबेल.